गोविंदा नाखवा आणि त्याचे मरीन

आडनाव नाखवा, बाप नाखवा, आजा नाखवा, आणि हा माणूस होडीत पाय ठेवला की ओकतो! चेंदणी कोळीवाड्यातल्या तीन पिढ्यांनी गोविंदाकाकांची यावरून चेष्टा केली, आणि काकांनीही कुणाचा हिरमोड केला नाही. बरं, ओकायला खवळलेला दर्या हवा असंही नाही. ठाण्याच्या खाडीतसुद्धा त्यांचं पोट ढवळायचं, जिथे ओहोटीला बगळा चालत पलीकडे जातो. चौदाव्या वर्षी वडिलांनी त्यांना पहिल्यांदा होडीत घेतलं. खाडीतून काही काढायचं राहिलं बाजूला, पोराने खाडीतच भर घातली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी थोरल्या मुलाच्या, दाजीच्या, हातात वल्हं दिलं, धाकट्याला शाळेत नेऊन बसवलं, आणि दोन भावांची आयुष्यं एका सकाळीत वाटून टाकली.

काका शिकले आणि कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात स्टोअर्समध्ये लागले. "पाण्यापासनं जेवढं लांब पळता येईल तेवढा पळाला," असं दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. हे खोटं होतं असंही म्हणता येत नाही.

अशातच एका संध्याकाळी, ड्यूटी सुटल्यावर, कल्याण स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर कमरेइतक्या पाण्यात बंदूक डोक्यावर धरून चालणारा एक कोवळा पोरगा. काकांनी मधलंच पान उघडलं. पोरगा एका चपट्या बोटीत बसला होता, समोर शत्रूचं बेट होतं, आणि तो शेजाऱ्याच्या बुटांवर ओकत होता. शेजारी त्याच्या बुटांवर. मग बोटीचा पुढचा दरवाजा खाली पडला आणि तोंड पुसत पुसत ते सगळे पाण्यात उतरले.

काकांनी भर गर्दीत उभ्या उभ्या ते पान दोनदा वाचलं. आपल्यासारखे आणखी लोक जगात आहेत, आणि त्यांना शौर्यपदकंही मिळालेली आहेत, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला फार उशीर झाला होता.

त्या दिवसापासून या माणसाने दुसरं काही वाचलं नाही. मरीन, म्हणजे बोटीतून येऊन परक्या किनाऱ्यावर उतरून लढणारे शिपाई. या शिपायांनी स्वतः लिहिलेल्या युद्धाच्या आठवणी काका शोधून शोधून आणायचे. अमेरिकन, ब्रिटिश, जो मिळेल तो. घरात कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा भरली, मग बायकोच्या, गंगुबाईंच्या, सुक्या मासळीच्या डब्यांवर संक्रांत आली.

"अवो, या गोऱ्या पोरांना सांगा जरा सरकून बसायला," गंगुबाई म्हणायच्या. "माझ्या बोंबलांना जागा नाय ऱ्हायली."

"बोंबलांचा वास लागला तर त्यांना पुन्हा ओकारी होईल, गंगू."

"व्हऊ दे. पोटातली कळ तुमच्यावानीच हाय ना त्यांची!"

पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायची काकांची रीत अगदी साधी होती. किनाऱ्यावर उतरण्याआधी कोणी ओकतं का? ओकत असेल तर लेखक खरा. सगळे छाती काढून बसले असतील, बोटीत कोणी गाणं म्हणत असेल, तर काका ते पुस्तक मिटून म्हणायचे, "हा उतरलाच नाही. हा मागच्या जहाजावर चहा पीत होता." सेनापतींनी लिहिलेली पुस्तकं ते हातात धरत नसत. सेनापतीचे मोजे कोरडे असतात, असा त्यांचा आक्षेप होता. ओले मोजे, वाळूत मिसळलेली कॉफी, शेजारच्या खड्ड्यातल्या मित्राचं घोरणं आणि मग एका रात्री ते घोरणं ऐकू न येणं: एवढं ज्यात आहे ते पुस्तक वाचावं. बाकीची पुस्तकं म्हणजे भाषणं.

नौपाड्यातल्या त्यांच्या नेहमीच्या वाचनालयात उर्वी नावाची मुलगी काम पाहते. युद्धाची पुस्तकं लोक मागतात पण त्यातली कुठली द्यावी ते तिला कळेना, म्हणून तिने काकांनाच विचारलं. काका इतके हरखले की प्रत्येक पुस्तकात स्वतःच्या अक्षरात शिफारशीची चिठ्ठी घालून मोकळे झाले. उर्वीने एक चिठ्ठी काढून त्यांच्यासमोर धरली.

"काका, हे काय? 'ओकारी उत्तम. अवश्य वाचावे.' कोण नेईल असं पुस्तक?"

"ज्याला खरं वाचायचंय तो नेईल."

"अहो, जेवण झाल्यावर वाचणारे लोक असतात!"

काकांनी विचार केला आणि खाली आणखी एक ओळ लिहून दिली: 'जेवणाआधी.'

असं सगळं सुखात चाललं होतं. मग श्रावणाच्या तोंडावर दाजींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना होडीत चढायला साफ मनाई केली.

नारळी पौर्णिमेला खाडीच्या मध्यावर जाऊन पहिला नारळ सोडायचा मान नाखव्यांच्या घराकडे होता. घरातल्या वडील माणसाने होडीत उभं राहून दर्याला गाऱ्हाणं घालायचं, घरातले जे पाण्यात गेले त्यांची नावं घ्यायची आणि नारळ सोडायचा. वडील माणूस असेपर्यंत धाकट्या पिढीचा हात नारळाला लागत नाही. घरचा वडील आला नाही तर मान पुढच्या घराकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. पुढचं घर ठाणेकरांचं. साईनाथ ठाणेकरांनी दाजींच्या ऑपरेशनची चौकशी जरा जास्तच आपुलकीने केली होती.

दाजींनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. "गोविंदा, मी नाय तर तूच. दुसरा कोन हाय?"

"दादा, किनाऱ्यावरून सोडला तर?"

"किनाऱ्यावरून तर बिल्डिंगवाले पन फेकतात. घोडबंदरवरनं गाडी करून येतात, नारळ फेकतात, फोटो काढतात, जातात. आपन नाखवे!" मग दाजींना भावाचा चेहरा दिसला आणि आवाज खाली आला. "तुझ्या त्या पुस्तकांत बघ ना काय उपाय हाय तो."

काकांनी शब्दशः तेच केलं. पुढचे दिवस ते कपाटासमोर मांडी घालून बसले आणि ओकारीची सगळी पानं पुन्हा वाचली. एकाने क्षितिजाकडे बघितलं होतं, ओकला. एकाने डोळे मिटले होते, तोही ओकला. एकजण आईचं पत्र चघळत बसला होता, तो पत्रासकट. गंगुबाई लसूण सोलता सोलता चौकशी करत होत्या.

"उतरायच्या आधी खाल्लेलं काय त्यांनी?"

"पहाटे मटणाचे तुकडे आणि अंडी. सगळ्यांना पस्तावा झाला."

"मग तुमचा नारळीभात मी झाकून ठेवते. परत आल्यावं खा. आलात तर."

इतक्या पुस्तकांत इतके मरीन, आणि पोट थांबवायचा उपाय एकालाही सापडलेला नव्हता. ते नुसतेच उतरले होते. काकांनी शेवटचं पुस्तक जागेवर ठेवलं आणि लाल टोपी इस्त्रीला टाकली.

पौर्णिमेच्या दिवशी वाजत गाजत मिरवणूक बंदरावर आली. सोनेरी कागदाने मढवलेला नारळ काकांच्या हातात होता आणि काकांचा चेहरा फणसाच्या पानाच्या रंगाचा झाला होता. दाजी बंदरावर प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही पाय समोर स्टुलावर. दुसऱ्या होडीत साईनाथ ठाणेकर, त्यांचाही नारळ तयार. "तसदी घेऊ नका हो गोविंदाशेठ, आम्ही हायच," असं ते दोनदा म्हणाले.

दाजींचा मुलगा दिपेश होडी चालवणार होता. त्याने काकांना हात देऊन आत घेतलं. होडी अजून दोराने बांधलेली होती. इंजिनसुद्धा सुरू झालं नव्हतं. काकांनी नारळ दिपेशच्या काखेत कोंबला, कडेला वाकले आणि अख्ख्या कोळीवाड्यासमोर आपलं जुनं नाव राखलं.

बँडवाल्यांचं वाजवणं विस्कटलं. पोरं हसली, मग मोठी माणसं हसली. ठाणेकर मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली.

"उतर रं गोविंदा!" खुर्चीतून दाजी ओरडले. "जालं तेवढं बास. जाऊ दे तो मान. उतर!"

काकांनी वर पाहिलं. मान घालवायला दादा तयार झाला होता, धाकट्याची फजिती बघवेना म्हणून. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, दिपेशच्या काखेतून नारळ परत घेतला आणि म्हणाले, "दोर सोड."

"काका, नक्की?"

"सोड म्हटलं ना. परत होणारच आहे, उगाच थांबून काय?"

वाटेत पुन्हा झालंच. दिपेशने एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने काकांची बंडी धरली होती. खाडीच्या मध्यावर इंजिन बंद झालं, मागच्या होड्या थांबल्या. काका उभे राहिले. बंडी अजून दिपेशच्या मुठीत होती, पण आवाज, देवाशपथ, पार मागच्या होड्यांपर्यंत गेला.

"दर्यादेवा, नाखव्यांचं गाऱ्हाणं ऐक. तुझ्या पोटात राहिले त्यांची याद कर. धाकू नाखवा. त्याचा पोरगा रामा. वादळातला हरी." घरातली नावं एवढीच होती. दिपेश नारळ सोडायची वाट बघत होता. काकांचं तोंड मात्र थांबेना. "वॉल्टर, मक्याच्या शेतातला, त्याने समुद्र पहिल्यांदा बघितला तो त्याच दिवशी. टॉमी, त्याला पोहायला येत नव्हतं. आणि तो सार्जंट, ज्याचं नाव लिहिणाऱ्यालाही आठवलं नाही, त्याने बोटीत सगळ्यांना तोंड पुसायला आपलं फडकं दिलं. यांना जवळ कर. आणि पाण्यावर आहेत त्यांना सांभाळ."

नारळ पाण्यात गेला. मागच्या होड्यांतून आरोळी उठली. कोणाला काय ऐकू आलं कोण जाणे, पण ठाणेकरांनी टोपी काढून हात जोडले होते.

परत आल्यावर दिपेशने काकांना जवळजवळ उचलूनच बंदरावर ठेवलं. दाजींनी भावाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"नावं घेतलीस सगळी?"

"तीन जास्तीची घेतली, बाबा," दिपेश म्हणाला.

"कुनाची?"

"अमेरिकेची. लढाईत बोटीतनं उतरताना गेलेली पोरं. काकांच्या पुस्तकातली."

दाजींनी खुर्चीतूनच हात लांब केला. मग धाकट्याची ओली बंडी धरून त्याला शेजारी खेचलं.

"एवढ्या सगळ्यांचं एका नारळात भागवलंस? कंजूस कुठला! पुढल्या वर्षाला दोन ने."