आमच्या ओळीत सगळ्यांचा पिन एकच

श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नाशिकच्या फुलबाजारात आम्ही बायका ओळीने बसून हार ओवत होतो. त्र्यंबकला जाणाऱ्यांची गर्दी, डोकं वर काढायला फुरसत नाही... आणि नेमकी तेव्हाच कॉलेजातली एक पोरगी आली, मोबाइलची सुरक्षा समजावायला.

मी म्हटलं, बाई, पटकन सांग आणि वाट मोकळी कर. गिऱ्हाईक उभंय.

पोरगी चिवट. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली, मागणारा कितीही गोड बोलला तरी द्यायची नाही. अनोळखी लिंक म्हणजे गळाला लावलेलं आमिष, बोटही लावायचं नाही. इथवर पटलं. मग म्हणाली, फोनचा पिन कोणालाच सांगायचा नाही... सगळी ओळ हसायला लागली.

कारण आमच्या ओळीत सगळ्यांचा पिन एकच. चार वेळा एक. ओवताना दोन्ही हात दोऱ्यात आणि ओले, मग फोन वाजला की जिचा हात रिकामा ती उघडते आणि मेसेज मोठ्यानं वाचून दाखवते.

"मग प्रायव्हसी?" पोरीने विचारलं. आपलं काय कोणाला कळू द्यायचं ते आपण ठरवायचं, असा त्याचा अर्थ म्हणे. मी म्हटलं, आमच्यात कसलं आलंय लपवायचं? एकीची भाजी करपली तर दुसरीला वास येतो.

तेवढ्यात कमलचा फोन वाजला. (नाव बदललंय.) हात माझा रिकामा होता. उघडला... तिच्या लेकीचा मेसेज.

ही लेक नवऱ्याचा मार सोसून सोसून शेवटी घर सोडून गेली होती. तो तिला शोधत फिरत होता, आणि त्याची सख्खी आत्या आमच्याच ओळीत, माझ्या शेजारी बसते. एरवी लेक फक्त फोन करायची. त्या दिवशी खोली बदलली, म्हणून नवा पत्ता लिहून पाठवला होता. अख्खा.

"वाच की गं मोठ्यानं! तोंडाला कुलूप लागलं का?" आत्याबाई म्हणाल्या.

कमलची सुई थांबली. नुसती माझ्याकडे बघत राहिली...

मी वाचलं, "अभिनंदन, तुम्हाला लोन मंजूर झालंय." आणि वर दोन शिव्या घातल्या, रोज पिडतात मेले.

"दाखव बरं, मलापण तसलेच येतात." आत्याबाईंनी हात पुढे केला.

"हात ओले आहेत तुमचे. फोन बिघडला तर भरून देणार का?"

फोन मी कमलच्या मांडीवर ठेवला. पण आता तिने एकटीने पिन बदलला असता तर ओळीने तिला टोमणे मारून हैराण केलं असतं. म्हणून मीच आधी माझा फोन त्या पोरीपुढे धरला. म्हटलं, बदलायचा कसा ते दाखव, आणि बाकीच्यांनी माना फिरवा.

"एवढं काय गं लपवतेस या वयात?" आत्याबाई.

"माझं मी बघेन. तुम्ही तुमचा बदला."

मग एकेक करत सगळ्यांनीच बदलला. आत्याबाईंनी तर पदराआड धरून. कमलने कधी बदलला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता फोन वाजला की वाजू देतो. हार पुरा करायचा, हात पुसायचे, जिचा तिने बघायचा.

लेकीची सोडचिठ्ठी झाली, त्या पत्त्याचं गावही तिने सोडलं. हे मोबाइलवर सगळ्यांसाठी टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. "टाक मावशी," म्हणाली, म्हणून टाकतेय. आत्याबाईंनी वाचलं तर वाचू दे.

प्रायव्हसी म्हणजे मोठ्या घरची थेरं, असं मला वाटायचं. पण त्या लेकीकडे आतून लावायला तेवढं एकच दार होतं, आणि त्याची कडी माझ्या हातात आली होती...

कॉलेजच्या पोरी, तुझं नावही मी विचारलं नाही. वाट मोकळी कर म्हटलं होतं तुला. बरं झालं, हलली नाहीस.