काळ्या थराखालची चॅसी

आमच्या गावात पत्रकं मी लिहिते. खाडीतली वाळू उपसणाऱ्यांविरुद्ध, डॉक्टर नसलेल्या उपकेंद्राविरुद्ध. पत्रकं लिहून एक वाईट खोड लागते: समोरच्याचं बोलणं संपायच्या आत आपलं उत्तर तयार असतं. त्या खोडीनं बाबांची गाडी गेली. दुसऱ्यांच्या चुकांवर मी भरपूर कागद काळे केलेत, ही माझी.

गाडी म्हणजे जुनी पेट्रोल जीप. गावात दुसरं वाहन नव्हतं तेव्हा अडलेल्या बायकांना बाबा हिच्यातूनच कुडाळला न्यायचे. इंजिन जाम झालं तशी ती घरामागच्या मांगरात, गवता-लाकडांच्या शेजारी पडून राहिली. मग बाबांना काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच होता, दुसराही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बाबांनी एकच गोष्ट मागितली. जीप एकदा स्वतः चालवत देवगडला, आत्याच्या दारात न्यायची.

मेस्त्री बघायला आले. इंजिन संपलंच होतं, पण त्यांना संशय चॅसीचा, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा. तयार चॅसी कोल्हापूरला मिळते, मात्र अख्खी बॉडी उतरवून परत चढवायची. शिवाय गाडीचा नंबर चॅसीवरच ठोकलेला, म्हणजे परवानगीसाठी हेलपाटे. दिवाळी उजाडली असती. भंगारातलं डिझेल इंजिन महिन्याभरात बसत होतं.

"काकानू, आधी चॅसी करा," मेस्त्री म्हणाले. "डिझेलचा धूड जड आसता. ह्या हाडांका झेपाचा नाय."

"हाडां बरी आसत," बाबा म्हणाले. खारं वारं लोखंड खातं म्हणून ते दर पावसाळ्याआधी होडीला लावतात तसं माशाचं तेल चॅसीला चोपडायचे. गाडी बंद पडल्यावरसुद्धा एकही वर्ष चुकलं नव्हतं. मेस्त्रींनी हातोडी मारली. आवाज बद्द आला.

"ह्यो तेलाचो थर खरवडून बघूया. दिवसभराचा काम आसा."

मी उसळले. "तुमका मोठा काम व्हया, म्हणान चॅसी! बाबांचो डोळो दिवाळीपर्यंत थांबतलो?"

"चेडवा, ही सभा नाय. टाळ्ये वाजवन लोखंड जाड होवचा नाय."

बाबा हसले. पण म्हणाले, "ती म्हणता तसा करा."

डिझेल इंजिन बसवून झालं. निघालो त्या सकाळी बाबांनी बोनेटला नारळ ओवाळला, इस्त्रीचा शर्ट घातला. मी शेजारी बसून रस्ता सांगत होते. आचऱ्याच्या पुढे, उतारावर, खालून काडकन आवाज आला. स्टिअरिंग फिरेना आणि जीप रस्त्याकडेच्या कुंपणावर, चिऱ्यांच्या गडग्यावर गेली. मला खरचटलं. बाबांचं उजवं मनगट मोडलं.

मेस्त्रींनी तुटलेली चॅसी दाखवली. वर्षानुवर्षांचं तेल आणि त्यात बसलेली रेती मिळून बोटभर जाडीची काळी साल झाली होती. तिच्या आत पाणी कोंडलं होतं. लोखंड होतं तिथे ओल्या बिस्किटासारखा तांबडा चुरा होता. मेस्त्रींनी चिमूटभर चुरा माझ्या तळहातावर ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्लास्टर निघालं तोवर डोळा गेला होता. आत्याच एसटीनं येऊन भेटून गेली.

भंगारवाला जीप कापायला आला तेव्हा बाबांनी नंबराचा तुकडा मागून घेतला. ओट्यावर बसून नखानं काळं खरवडत राहिले. मग माझ्यापुढे धरला.

"वाच गो."

मी वाचला. मधले तीन आकडे गंजानं खाल्ले होते. त्यावरून बोट फिरवत ते तीन त्यांनीच सांगितले.

"वाईच माशाचा तेल घेवन ये," ते म्हणाले. "नायतर ह्यो तुकडोय गंजतलो."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी आत गेले आणि वाटीत तेल घेऊन आले.