एका रिडिमवर चार आवाज

इथे परदेशात, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये लेकीच्या खोलीतून महिनाभर एकच ठेका ऐकू येत होता. माझं डोकं उठलं. "दुसरं काही वाजत नाही का गं त्या लॅपटॉपवर?" मी खेकसले.

"इट्स माय रिडिम, लाह." मराठीत विचारलं तरी तिचं उत्तर हे असं, शेपटीला 'लाह' लावलेल्या इथल्या इंग्रजीत. मला खरी भीती त्याचीच होती. या घरातली मराठी माझ्याबरोबरच संपणार, असं वाटायचं.

जमैकाच्या डान्सहॉल संगीतात म्हणे आधी नुसता वाद्यांचा ठेका तयार करतात. तो रिडिम. मग त्या एकाच रिडिमवर वेगवेगळे गायक आपापले शब्द गातात. हिच्या रिडिमवर तिघं गायले होते: बुकित तिमाहच्या शाळेतले एक जमैकन मास्तर, एक मलय मुलगी आणि हिची तमिळ मैत्रीण. मास्तर गाण्यात थट्टा करत होते, मलय मुलगी रुसली होती, तमिळ मैत्रीण तर चक्क भांडत होती. खाली ठेका तोच.

"सगळ्यांनी एकच चाल वापरायची? ही तर उचलेगिरी!" मी म्हणाले आणि जीभ चावली. भोंडल्याला हत्तीभोवती फेर धरून आम्ही दुसरं काय करायचो? चाल तीच, गाणी ढीगभर. तिला तसं सांगितलं, तर तिने हेडफोन काढून नीट ऐकलं.

मग माइक माझ्यापुढे धरून मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू पण आवाज दे."

आमचे हे नुकतेच जुरोंग आयलंडच्या कामावरून कंपनीच्या बसने आले होते. मला वाटलं, त्यांना बोलवायला सांगतेय. मी खणखणीत हाक मारली, "अहोऽऽ, ऐकलंत काऽऽ?" हे टॉवेल घेऊनच धावत आले. लेक हसून लोळायला लागली. तिला गाणं हवं होतं! पण ती हाक तिने गाण्याच्या सुरुवातीलाच लावून टाकली.

मग मी भोंडल्याच्या ठसक्यात उभ्या उभ्या जुळवलं, "पोळी निवली ताटात गं, लेक रमली ठेक्यात गं!" भोंडल्यात एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. इथे बाकीची म्हणजे ती एकटीच.

"पोली निवली..."

"पोळी!"

"पोली."

"राहू दे, चालेल तसंच," म्हणून मी उठले. मनातून खट्टू झाले होते.

थोड्या वेळाने घडी केलेले कपडे ठेवायला गेले, तर खोलीचं दार लोटलेलं. रिडिम बंद होता. आत ती एकटीच घोकत होती, "पोली. पोली. पोल... पोळी."

कपडे छातीशी धरून मी दाराबाहेर रडत उभी राहिले.