दोघांपुरता तांदूळ

मिशनच्या तांदळाचं पोतं मी पी रोकुंगींच्या घरासमोरच्या कठड्यावर ठेवलं आणि खिशातली सुपारी काढली. माझ्या हातून झालं ते एवढंच. बाकीचं सगळं पोत्याने केलं.

आमच्या मिझोरमच्या डोंगरात हातातून निसटलेली वस्तू नुसती पडत नाही, प्रवासाला निघते. पोतं खालच्या घराच्या डुकरांच्या कुडावर आदळलं, तिथे त्याची शिवण उसवली, आणि मग उतारभर पांढरी रेघ काढत ते थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं. कोंबड्यांना निरोप कुणी दिला कोण जाणे, पण मी खाली पोचेपर्यंत अर्ध्या गावाच्या कोंबड्या तिथे हजर होत्या.

तो तांदूळ माझा असता तर हसून सोडला असता. आमच्याकडे बाई भात टाकायला बसली की घरातल्या माणसांपुरता तांदूळ भांड्यात घेते आणि त्यातूनच एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकते. ती मूठ मिशनची. शनिवारी चर्चच्या बायका घरोघरचे डबे रिकामे करून नेतात, तांदूळ विकला जातो, आणि त्यावर आमची पोरं दूरदूर जाऊन प्रभूचं काम करतात. कुणी त्रिपुरात, कुणी आसामच्या चहामळ्यात, कुणी समुद्रापलीकडे. त्या शनिवारी माझी बायको थुआमी पाय मुरगळून बसली होती, म्हणून पोतं माझ्या खांद्यावर आलं होतं.

पी रोकुंगी बाहेर आल्या. पी म्हणजे आजीच्या मानाची बाई, आणि या तर सगळ्या गावाच्याच पी. त्यांनी कोंबड्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"जाऊ दे, बियाका," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांमध्ये अजून कुणी प्रभूचं काम करत नव्हतं."

मग आत जाऊन त्यांनी आपला डबा आणून माझ्या हातात दिला. मी दचकलोच. एकट्या राहणाऱ्या बाईचा डबा, आणि सात माणसांच्या घराला लाजवील इतका जड. मी म्हटलं, ही मूठ आहे की फावडं? त्या हसल्या आणि मिरच्या उलटवायला निघून गेल्या.

संध्याकाळी गावच्या भोंग्यावरून पुकारा झाला की ज्यांच्या कोंबड्यांनी आज मिशनचा तांदूळ खाल्ला आहे, त्यांनी उद्याची अंडी चर्चमध्ये आणून द्यावीत. माझं नाव घेतलं नाही, हा पुकारणाऱ्याचा मोठेपणा. थुआमीने मात्र निकाल दिला की पाय बरा झाला तरी आता शनिवारचं पोतं मीच वाहायचं. पाय कधीचा बरा झाला. पोतं अजून माझ्याकडेच आहे.

त्यामुळे पी रोकुंगींकडे माझं जाणं वाढलं. एका शनिवारी मी जरा लवकरच टपकलो. त्या चुलीपाशी बसून पत्र्याच्या मगाने मोजून सकाळचा भात टाकत होत्या. त्यांनी एक मग तांदूळ भांड्यात घेतला. मग दुसरा घेतला. भांड्यात बघत जरा थांबल्या. नंतर दुसऱ्या मगाएवढा तांदूळ दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मिशनच्या डब्यात टाकला, आणि उरलेल्यातली एक मूठ पुन्हा वेगळी काढली, ती आपली रीतीची.

फावड्यावरचा नवा विनोद माझ्या जिभेवर तयार होता. तो मी चहाबरोबर गिळला.

दुसरा मग थांगकिमाचा. त्यांचा एकुलता एक. हा मुलगा लहानपणी असा जेवायचा की पाहुणे त्याच्या आधी ताटावर बसायला धडपडत. तो शिकला, मिशनमध्ये गेला, आणि चर्चने त्याला समुद्रातल्या एका बेटावर धाडलं. तिथे म्हणे डोंगरच नाही. सगळं सपाट. आमच्या गावात यावर पुष्कळ दिवस चर्चा चालली होती. एक म्हातारा तर मला बाजूला घेऊन विचारत होता, की मग तिथे माणूस घरचं बोलावणं ऐकायला चढून उभा कुठे राहतो? ऐजॉलहून येणारी सुमो गाडी दुपारी वळणावर हॉर्न वाजवते त्या वेळी पी रोकुंगी मिरच्या वाळत घालायला बाहेर येतात. आभाळ भरून आलेलं असलं तरी येतात. सुमोतून उतरलेली माणसं आपापल्या वाटेने पांगली की मिरच्या आत जातात.

याच सुमाराला उपा ह्रांगवेला, म्हणजे आमच्या चर्चचे वडीलधारे, पी रोकुंगींकडे येऊन गेले. थांगकिमाची तिथली मुदत संपत होती. ऐजॉलला शिकवायची जागा रिकामी होती, हवी तर ती त्याला मिळणार होती. नाहीतर बेटावरच पुढची मुदत. त्याने कळवलं होतं की आई म्हणेल तसं. उपांनी दोन कप चहा घेतला, पावसाविषयी बोलले, डुकरांच्या भावाविषयी बोलले, आणि जाताना सांगितलं, की तुम्ही प्रार्थना करा, आमचं काही म्हणणं नाही. त्यांचं काय म्हणणं होतं ते शेजारच्या घरातल्या मांजरालाही कळलं असतं.

रविवारी सगळं चर्च एकदम उभं राहिलं आणि आमच्या रीतीप्रमाणे प्रत्येकाने आपापली प्रार्थना मोठ्याने सुरू केली. त्या गदारोळात उपांचा आवाज सगळ्यांच्या वर. प्रभू, थांगकिमाला तिथेच बळ दे, तिथेच टिकव. मी एक डोळा किलकिला करून बायकांच्या बाजूला पाहिलं. सगळ्यांची तोंडं हलत होती. पी रोकुंगींचं बंद होतं.

त्याचा फोन यायचा होता. फोनला रेंज मिळते ती फक्त वर स्मशानाजवळच्या डोंगरधारेवर. त्यांच्याकडचा फोन जुना, म्हणून माझा घेऊन आम्ही वर गेलो. त्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे आवाज मोठा ठेवला, आणि मी समोरचे डोंगर मोजण्यात गढून गेल्यासारखं केलं.

"आई, सांग," थांगकिमा म्हणाला. "येऊ का?"

वारा इतका होता की त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"तिथल्या पोरांना शिकवायला मागे कोण आहे?"

"अजून कुणी नाही."

"भात मिळतो का रे?"

"तांदूळ बोटीने येतो. बोट आली तर. नाहीतर मासे आणि नारळ."

त्यांनी फोन कानाशी आणखी दाबला. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाल्या, "तर मग पुढची बोट येईपर्यंतचा तांदूळ आधीच भरून ठेवत जा. तुझी भूक मला माहीत आहे."

म्हणजे राहा. पलीकडे त्यालाही ते कळलं. मग "बरं, आई," एवढंच आलं, आणि लाटांचा की वाऱ्याचा आवाज, आणि फोन बंद.

उतरताना त्या माझ्या पुढे चालत होत्या, माझ्यापेक्षा भराभर. वाटेत पडलेलं एक वाळकं लाकूड त्यांनी उचललं. बायका रानातून येताना मिशनसाठी एक लाकूड आणतात, तसं. चर्चच्या आवारातल्या रचलेल्या ढिगावर ते ठेवलं, हात झटकले, आणि खालच्या वळणाकडे एकदा पाहिलं. सुमो कधीच येऊन गेली होती.

घरी पोचल्यावर त्यांनी चूल पेटवली. मी जायला हवं होतं, पण दारातच रेंगाळलो. त्यांनी एक मग तांदूळ भांड्यात घेतला. मग दुसरा घेतला. भांड्यावर हात तसाच राहिला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "पी, नुसतं ये म्हणायचं होतं. एवढासा शब्द. का नाही म्हणालात?"

त्यांनी दुसरा मग मिशनच्या डब्यात रिकामा केला.

"आला असता म्हणून."