जाड तारेचे दोन सूर

आबांचा कान गेला, असं आमच्या घरात ठरलं ते आबांनीच ठरवलं म्हणून. आबा म्हणजे माझे वडील, लोहाऱ्यात एका गायन पार्टीत वाजवतात. जयंतीच्या दिवसांत, विहारातल्या कार्यक्रमांना, ओळखीतल्या लग्नांत ही पार्टी गाते. तहसीलमध्ये कारकून होते तेव्हापासून आबा तिच्यात आहेत. आधी बटणांचा बेंजो वाजवायचे, वरातीत वाजतो तो. रिटायर झाल्यावर हौसेनं इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि म्हातारपणी नवं वाद्य शिकले. त्याचा आम्हाला अभिमान होता, त्यांना तर होताच.

यंदा जयंतीच्या आधी मी कळंबहून घरी गेले, तर गिटार कपाटावर टाकलेली आणि तिच्यावर आईचं जुनं लुगडं. मी विचारलं तर म्हणाले, "जाड तार वरच्या पट्टीत दाबली की दोन सूर देती, बाई. मला दोन ऐकू येत्यात, बाकी कुणालाच न्हाय. म्हंजी माझाच कान गेला. चार मानसांत हसं करून घेण्यापरीस बसलेलं बरं."

पार्टीच्या गायकाला त्यांनी तसं कळवूनही टाकलं होतं. गायक म्हणाला होता, काका, झकास वाजतंय की. आई म्हणाली, छान वाजतंय. मीही फोनवर वाजवणं ऐकून तेच म्हणाले होते. आम्ही सगळ्यांनी इतका धीर दिला, की कान गेल्याची त्यांची खात्रीच पटली.

मग मी हट्टानं त्यांना धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मानानं कान ठणठणीत आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. येताना एसटीत आबा म्हणाले, "त्यांनी शिट्ट्या ऐकवल्या. सूर कुठं ऐकवला?" मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच स्टुलावर चढून गिटार खाली काढली. मी कळंबला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मला गिटार येत नाही, पण तारेचं कंपन दर वर्षी फळ्यावर काढते. फोनवर सूर जुळवायचं ॲप उघडलं आणि एकेक तार छेडून बघितली. मोकळ्या तारांना काटा नीट जागेवर थांबत होता. जाड तार वरच्या पट्टीत दाबली, तर तो इकडून तिकडे भटकायला लागला. आधी मी फोनलाच शिव्या घातल्या. मग तिथंच बारीक तार दाबून बघितली, तर काटा स्थिर. म्हणजे फोन बरा होता.

मी गिटार आडवी धरून बघितली. तारांखाली पिकअप असतो, त्यातली चुंबकं तारेचं हलणं उचलून ॲम्पकडे पाठवतात. तो जवळजवळ तारांना टेकला होता. मागचा ब्रिज, म्हणजे ज्यावर तारा टेकतात तो भाग, तोही उंच करून ठेवलेला. तार दाबताना माझं बोट दुखलं.

"आबा, हे इतकं वर कुणी घेतलं?"

"म्याच की. दुसरं कोण घेनार?"

मग कळलं. बेंजोचा आवाज वरातीच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, म्हणून पार्टीतले सगळे पिकअपखाली काडेपेटीचा पुठ्ठा घालून तो तारांपर्यंत उचलतात. गिटार आली, तिचेही तेच लाड झाले. इथं पुठ्ठ्याची गरज नव्हती, स्क्रू होते, ते आबांनी पिळले. मग तार दाबली की पिकअपवर टकटक आपटायला लागली, म्हणून ब्रिज वर घेतला. मग बोटं दुखायला लागली, आणि ते खापरही वयावर फुटलं.

"चुंबक तारेला खाली ओढतंय," मी म्हणाले. "मोकळं हलूच देत नाही. म्हणून एका तारेतून दोन सूर."

"बेंजोला कसं न्हाय झालं मग?"

"त्याच्या तारा बारीक, अन् चुंबक लेचंपेचं."

"खाली घेतला तर आवाज पडंल."

"ॲम्पचं बटण फिरवा."

"बटनाचा आवाज येगळा असतो, तुला न्हाय कळायचं."

आमचं चांगलंच जुंपलं. आई पोहे घेऊन आली आणि म्हणाली, "आधी खाली घ्या, मंग भांडा."

घेतला. पिकअप दोन्ही बाजूंनी सारखा खाली. ब्रिजचे बारके स्क्रू फिरवायला गिटारीबरोबर आलेली चावी आबांच्या बिस्किटाच्या डब्यात सापडली. तार खरखरेपर्यंत उतरवायची, मग जराशी वर, मग परत सूर जुळवायचा. या कामात पोहे गार झाले.

आबांनी जाड तार वरच्या पट्टीत दाबली. ऐकलं. परत वाजवली.

"एकच हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. "आता पिकअप हळूहळू वर घे. म्या सांगंन तवा थांब." मी स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत गेले, ते तार छेडत गेले. प्रत्येक वेळी मला तोच सूर ऐकू येत होता, स्वच्छ आणि एकच. एकदा त्यांनी हात वर केला.

"बास. बिघडलं. जरा मागं घे."

मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मी फोनकडे बघितलं. काटा किंचित हलत होता. आबांनी फोनकडे बघितलंही नव्हतं.

आमच्यात एकच कान धड होता, आणि तोच गेला असं आम्ही त्यांना गोड बोलून पटवलं होतं.

मी स्क्रू मागं घेतला. आबांनी तार परत छेडली, मान हलवली आणि आईला फोन आणायला सांगितलं. गायकानं उचलल्यावर म्हणाले, "जयंतीला गिटार म्याच वाजवनार हाय. अन् आदल्या दिवशी सगळ्यांचे बेंजो घिऊन घरी या. कुनाचा पुठ्ठा लई वर गेलाय, कानानं तपासायचंय."