जगन्नाथभाऊंचे दोन डोळे

दवाखाना चालवला की किस्से आपोआप साठतात. वसईत मी इतकी वर्षं डोळे तपासले. मित्र जमले की म्हणतात, "काहीतरी गमतीचं सांग!" सांगायला बसलो, की नंदाखाल गावचे जगन्नाथभाऊच आठवतात.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भाऊंची केळीची वाडी होती. आल्या आल्याच म्हणाले, "डॉक्टर, माझ्या केळीला दोन-दोन घड लागलेत! कोयता मारतो तो भलत्याच घडावर!"

एकाचे दोन दिसत होते. डावा डोळा किंचित पुढे आलेला. मला वाटलं, डोळ्यामागे सूज असेल. गोळ्या दिल्या.

*

पंधरा दिवसांनी बायकोला, मथुरावहिनींना, घेऊन आले. डोळा आणखी बाहेर. वहिनी म्हणाल्या, "दृष्ट मी काढून पाहिली. आता तुम्ही काय काढता ते बघा!"

निघताना पुन्हा वळल्या. "जेवत नाहीत हो. दोन घासांत पोट भरतं म्हणतात."

"वहिनी, मी फक्त डोळ्यांचा डॉक्टर!" मी म्हटलं.

तिघंही हसलो. मीसुद्धा!

*

मी त्यांना मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डोळ्यामागच्या गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर. पण डोळ्याचा नाही, जठराचा! पोटातून थेट तिथवर पोहोचलेला.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "इतकी रेअर केस! नशीबवान आहेस!"

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या.

*

वहिनींना पटेना. "पोट कुठे, डोळा कुठे!"

भाऊच समजावू लागले. "अगं, वाडीत या टोकाला पाणी सोडलं की त्या टोकाला जातंच ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बांध घालता येईल का, डॉक्टर?"

मी रिपोर्टाची घडी घालत बसलो.

*

शेवटी वॉर्डात भेटलो, तेव्हा भाऊंनी उजव्या डोळ्याकडे बोट केलं. "हा शाबूत आहे. मी गेल्यावर कुणाला तरी बसवा."

मी शब्द दिला. ते गेले त्या दिवशी धावपळही केली. पण कॅन्सरच्या पेशंटचा डोळा घ्यायला तिथे कुणी तयार होईना. भाऊ दोन्ही डोळ्यांसकट घरी आले. वहिनींना हे ठाऊक नव्हतं.

दिवसकार्य उरकून त्या दवाखान्यात आल्या. "कुणाला बसवला हो?"

मला खरं सांगवेना. "नाव सांगत नाहीत, वहिनी. आचोळ्याची एक बाई आहे."

महिन्याभराने पुन्हा आल्या. खुर्चीत टेकल्याही नाहीत.

"आचोळ्याला जाऊन आले. सापडली ती बाई. विहिरीवर पाणी भरत होती. उजवाच आहे, डॉक्टर! मला बघितल्याबरोबर भरून आला."