कोपराने बेल वाजवणारी

स्वतःच्याच बोटांना एवढी घाबरणारी बाई अख्ख्या लालबाग-परळात दुसरी सापडायची नाही. राहते आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर. काम परळच्या एका प्रयोगशाळेत. लिफ्टचं बटण कोपराने, दाराची बेल कोपराने, आणि चालताना दोन्ही हात असे वर, जणू कोणी बंदूक रोखलीय. गणपतीत आली तर प्रसादालाही हात पुढे करेना. म्हणे, "बोटांवर असं काहीतरी असतं काका, ते आरएनए खाऊन टाकतं." आमची ही तेव्हा होती. "मोदकात खंय इलो गो तुझो आरएनए?" "सवय झालीय काकू." मग हिने मोदक मोडून सरळ तिच्या तोंडातच घातला. तेव्हापासून नेमच पडला. कामावरून येताना पोरगी आमच्या दारात हात वर करून उभी, आणि ही तिला भरवतेय.

मी सातवी पास, जन्म गेला गिरणीत मागावर. मला कळावं म्हणून ती सांगायची, "पेशीत प्रोटीन विणणारे बारीक माग असतात काका, रायबोसोम. ते ज्याचे बनतात तो हा आरएनए. चांगल्या लिव्हरमधला आणि कॅन्सर झालेल्या लिव्हरमधला मी ताडून बघते. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा हे माग भरमसाट वाढतात." मी म्हटलं, "म्हणजे मालक मेला तरी चालेल, गिरणी डबल पाळीत!" एरवी खिदळणारी पोरगी हसली नाही. "तसंच," म्हणाली.

पुढे आमच्या हिच्याच लिव्हरमध्ये ते निघालं. काढलेला तुकडा संशोधनाला देणार का, म्हणून ऑपरेशनआधी सही मागितली. मी भडकलो. ही म्हणाली, "फेकून देणारच ना ती कलेजी? पोरीच्या उपयोगी पडूं दे." त्यानंतर फार राहिली नाही ही. मी पोरीला विचारलं, "हिचा तुकडा तुझ्याकडेच आला ना?" तर म्हणे, "आला असेल. नावं नसतात काका, नुसते नंबर." झालं! तेव्हापासून इथे लाईट गेली की माझा जीव, ते तुकडे ठेवतात त्या तिच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये.

आणि गेल्या उन्हाळ्यात तो फ्रीजर बंद पडला. सकाळी जिन्यात भेटली, चेहरा पांढराफटक. फोन आला होता म्हणे, तुकडे दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवलेत, पण मधे किती ऊब लागली कोणास ठाऊक. मी विचारलं, "वितळले तर?" "आरएनएचा चुरा. मग ताडून काय बघणार?" आणि धावत गेली. मी दिवसभर हिच्या फोटोसमोर बसून. चहासुद्धा केला नाही. एकदा स्मशानात पोचवून आलो हिला, आता परत जाते की काय!

संध्याकाळी बेल लांबलचक वाजली. कोपर. दारात ती, हात वर. "थोडे तुकडे तपासले काका. तपासणीत आरएनएच्या दोन पट्ट्या स्वच्छ दिसल्या की तो शाबूत. तपासले त्या सगळ्यांत दिसल्या."

"त्यात ही होती?"

"माहीत नाही." मग हिच्या फोटोकडे बघून, "असेल."

तिच्याही पोटात दिवसभर काही नव्हतं, दिसतच होतं. आत गेलो, चपातीत गूळ गुंडाळून आणला. म्हटलं, "उघड तोंड."

तिने खाल्लं. हात तसेच वर, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"काकूंचा घास मोठा असायचा," म्हणाली.

पुढचा मी मोठा केला.